एका मेणबत्तीने शिकवलेला धडा

(अणुवीज केंद्रांतील अग्निसुरक्षा या विषयावर एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अणुऊर्जा हा शब्द उच्चारला की आपल्या मनात साधारणपणे दोन चित्रे उभी राहतात. एक अभिमानाचे : १९७४ आणि १९९८ सालचे पोखरण, तारापूरचा सागरकिनारा, होमी भाभांची दूरदृष्टी. दुसरे भयाचे : हिरोशिमा, चेर्नोबिल, फुकुशिमा. अभिमान आणि भय या दोन्ही भावना प्रबळ आहेत. पण दोहोंतही एक उणीव आहे. त्या आपल्याला विचार करू देत नाहीत. अभिमानी माणूस प्रश्न विचारत नाही आणि भयभीत माणूस उत्तर ऐकून घेत नाही.

म्हणून आज मी या दोन्ही चित्रांबाहेरचा, वरवर पाहता अगदी किरकोळ वाटणारा विषय निवडला आहे. अणुवीज केंद्रातील विजेच्या तारा कोठून न्याव्यात, एकमेकींपासून किती दूर ठेवाव्यात आणि त्यांना आग लागलीच तर काय व्हावे, हा तो विषय. मी कलाशाखेचा पदवीधर आहे, तंत्रज्ञ नाही. पण तीस वर्षांच्या पत्रकारितेत एक गोष्ट पक्की कळली आहे. मोठ्या दुर्घटनांची कारणे क्वचितच गहन असतात. बहुतेक वेळा ती कोणत्याही गृहिणीला समजावून सांगता येतील इतकी साधी असतात आणि साधी असतात म्हणूनच दुर्लक्षिली जातात.

भट्टी विझते, निखारे विझत नाहीत

कोळशाच्या वीज केंद्रात कोळसा टाकणे थांबवले की थोड्या वेळात बॉयलर निवतो. अणुभट्टीचे तसे नाही. नियंत्रक दांडे आत सोडले की अणुविखंडनाची साखळी क्षणार्धात तुटते. पण आधीच्या विखंडनातून निर्माण झालेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता देतच राहतात. चुलीतील लाकडे ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहावेत, तसा हा प्रकार. भट्टी बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे सहा ते सात टक्के असते. ती झपाट्याने घटते. तरी एक दिवस उलटल्यावरही साधारण अर्धा टक्का उरतेच.

सहा टक्के म्हणजे किती? आपल्याकडील २२० मेगावॅट विजेची अणुभट्टी सुमारे साडेसातशे मेगावॅट इतकी उष्णता निर्माण करते. तिचे सहा टक्के म्हणजे पंचेचाळीस मेगावॅट. ही उष्णता सतत वाहून नेली नाही तर इंधन वितळू लागते. म्हणजे अणुभट्टी बंद करणे हे अर्धेच काम. ती थंड ठेवणे हे खरे काम. त्यासाठी पंप हवेत, पंपांना वीज हवी, झडपा उघडण्यासाठी संदेश हवेत आणि आत काय चालले आहे ते दाखवणारी उपकरणे हवीत. हे सारे चालते ते तारांवर. एका केंद्रात शेकडो किलोमीटर लांबीच्या तारा असतात. माणसाच्या देहात मज्जातंतूंचे जे स्थान, तेच तेथे या तारांचे.

या तारांवरील वेष्टन प्लास्टिकचे किंवा रबराचे असते, आणि ते जळते. पीव्हीसी जळाले की दाट काळा धूर येतो, शिवाय हायड्रोजन क्लोराइड हा वायू बाहेर पडतो; पाण्याशी संयोग झाला की त्याचे आम्ल बनते आणि ते जवळची नाजूक उपकरणे खाऊन टाकते. एकावर एक रचलेल्या ट्रेंमधून ज्वाळा वर चढतात. उभ्या मार्गातून तारा नेल्या असतील तर तो मार्ग धुराड्यासारखा आग ओढून घेतो. आणि भिंतीतून तारा आरपार नेण्यासाठी पाडलेली भोके नीट बुजवलेली नसतील, तर आग या खोलीतून त्या खोलीत विनासायास जाते.

ब्राउन्स फेरीची मेणबत्ती

२२ मार्च १९७५. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टेनेसी नदीच्या काठी ब्राउन्स फेरी नावाचे अणुवीज केंद्र आहे. त्या दिवशी तेथील दोन अणुभट्ट्या पूर्ण क्षमतेने चालू होत्या, तिसरीचे बांधकाम सुरू होते. नियंत्रण कक्षाखाली एक खोली असते, जेथे सगळीकडून आलेल्या तारा एकत्र येतात आणि वरच्या फलकांकडे जातात. या खोलीतून अणुभट्टीच्या इमारतीत जाणाऱ्या तारांभोवतीच्या फटी बुजवण्याचे काम चालले होते. अणुभट्टीच्या इमारतीतील हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे आतली हवा बाहेर न जाता बाहेरची आत यावी. त्यासाठी फटी राहू देऊन चालत नाही.

फट शोधायची कशी? कामगार मेणबत्ती पेटवून तारांजवळ धरीत. ज्योत हलली की तेथे फट आहे असे समजायचे! आणि फट बुजवण्यासाठी वापरला जात होता पॉलियुरेथेनचा फोम, म्हणजे सहज पेट घेणारा पदार्थ. दोनच दिवस आधी अशीच एक लहानशी आग लागली होती. ती विझवली गेली आणि पद्धत मात्र तशीच चालू राहिली.

त्या दुपारी साडेबाराच्या सुमारास ज्योत फटीतून आत ओढली गेली आणि फोम पेटला. भिंतीपलीकडे हवेचा दाब कमी असल्याने आगही पलीकडे ओढली गेली. जवळ असलेली अग्निशामक नळकांडी रिकामी करूनही ती आटोपेना. नियंत्रण कक्षातील मंडळींना विचित्र अनुभव येऊ लागले. फलकांवरील दिवे कधी मंद होत, कधी प्रखर. कोणी सुरू न करता पंप सुरू होत, बंद केले की पुन्हा चालू होत. कारण तार जळते तेव्हा ती नेहमी नुसती तुटत नाही. वेष्टन वितळून दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि कोणी न दिलेला आदेश यंत्राला मिळतो. मुका झालेला सेवक परवडला. खोटे निरोप सांगणारा सेवक त्याहून घातक.

आग सुमारे सात तास चालली. सोळाशेहून अधिक तारा जळाल्या. त्यांतील सहाशेहून अधिक सुरक्षेशी संबंधित होत्या. पहिल्या अणुभट्टीची आपत्कालीन शीतकरणाची सर्व व्यवस्था निकामी झाली. एकाला दुसरी, दुसरीला तिसरी अशी पर्यायी योजना कागदावर होती. प्रत्यक्षात त्या सर्वांच्या तारा एकाच ठिकाणाहून गेल्या होत्या. अखेर नियंत्रक दांड्यांच्या यंत्रणेसाठी असलेला एक साधा पंप आणि मुख्य पाणीपुरवठ्याचे काही पंप यांच्या साह्याने भट्टीत पाणी सोडत राहून कर्मचाऱ्यांनी वेळ निभावून नेली.

आणखी एक बोधप्रद तपशील. जवळच्या अथेन्स गावच्या अग्निशामक दलाचे प्रमुख दुपारपासून सांगत होते की, या आगीवर पाणी मारा. विजेच्या आगीवर पाणी मारायचे नाही या ठाम समजुतीमुळे केंद्राचे अधिकारी तयार होईनात. संध्याकाळी पाणी वापरले गेले, तेव्हा सुमारे वीस मिनिटांत आग विझली. मोठमोठ्या पदव्यांपेक्षा गावातल्या बंबवाल्याचा अनुभव त्या दिवशी खरा ठरला.

किरणोत्सार बाहेर पडला नाही. कोणाचा जीव गेला नाही. पण दोन्ही भट्ट्या वर्षाहून अधिक काळ बंद राहिल्या आणि जगभरच्या अणुतज्ज्ञांची झोप उडाली.

रामचंद्रपंतांचे शहाणपण

ब्राउन्स फेरीनंतर अमेरिकेने १९८० साली कडक नियम केले. त्यांचे सार सोपे आहे. एकच काम करणाऱ्या दोन यंत्रणांच्या तारा एकाच आगीत सापडता कामा नयेत. त्यासाठी तीन मार्ग सांगितले गेले. एक, दोहोंमध्ये तीन तास आग थोपवून धरील असा अडसर. दोन, दोहोंमध्ये किमान वीस फुटांचे आडवे अंतर, त्या अंतरात जळाऊ वस्तू नाही आणि शिवाय आगीची सूचना देणारी व आपोआप विझवणारी यंत्रणा. तीन, एक तासाचा अडसर आणि जोडीला तीच सूचक व शामक यंत्रणा. यामागचा विचार असा : आग लागू नये याची काळजी घ्या, तरीही लागेल असे धरून ती लगेच कळेल व विझेल अशी तजवीज करा, आणि तीही फसेल असे धरून, एक खोली संपूर्ण जळाली तरी अणुभट्टी सुरक्षित थंड ठेवता येईल अशी रचना करा.

हे वाचताना मला राहून राहून रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवले. अठराव्या शतकाच्या प्रारंभीचा हा ग्रंथ. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, असे त्यात सांगितले आहे. गडावर एक पाणी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, असेही सांगितले आहे. आणि दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, घरांच्या वाऱ्याखाली नसावा, हेही बजावले आहे. आता विचार करा. दोन दरवाजे म्हणजे पर्यायी व्यवस्था. दारूखाना दूर म्हणजे विलगता. तीच ती दोन सूत्रे. फरक एवढाच की, दोन्ही दरवाजे शेजारी शेजारी असतील तर शत्रूचा एकच वेढा पुरतो, हे गडकऱ्याला डोळ्यांनी दिसत होते. भिंतीआडच्या तारा कोणाला दिसत नाहीत.

नरोराची ती पहाट

आता आपल्या घरी येऊ. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात गंगेच्या काठी नरोरा येथे २२० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या उभारल्या गेल्या. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे, साडेतीनच्या सुमारास पहिल्या भट्टीच्या टर्बाइनमधील दोन पाती तुटली. प्रचंड वेगाने फिरणाऱ्या यंत्राचा तोल गेला, भयंकर कंपने सुरू झाली. जनित्र थंड ठेवण्यासाठी वापरला जाणारा हायड्रोजन वायू आणि वंगणाचे तेल बाहेर पडले आणि पेटले. टर्बाइनच्या दालनातून आग तारांच्या मार्गाने पुढे सरकली. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही पुरवठ्यांच्या तारा पुरेशा विलग नव्हत्या, मार्गात आग रोखणारे पुरेसे अडसर नव्हते. काही मिनिटांतच पहिल्या भट्टीची सगळी वीज गेली. आपत्कालीन जनित्रे असून उपयोग नव्हता, कारण त्यांची वीज पोचवणाऱ्या ताराच जळाल्या होत्या. हा अंधार सुमारे सतरा तास टिकला.

नियंत्रण कक्षात धूर भरला आणि कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. अशा प्रसंगासाठी वेगळा ठेवलेला पर्यायी कक्षही विजेअभावी निरुपयोगी ठरला. भट्टीत काय चालले आहे हे सांगणारे एकही साधन हाताशी नाही, अशी ती स्थिती होती.

आणि येथे, बंधुभगिनींनो, आपल्या माणसांनी जे केले ते प्रत्येक भारतीयाने लक्षात ठेवावे असे आहे. पाती तुटल्यावर एका मिनिटाच्या आत त्यांनी भट्टी बंद केली होती. पण निवत गेलेली भट्टी पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी काही कर्मचारी विजेऱ्या घेऊन, काळोखात अणुभट्टीच्या इमारतीच्या वरच्या भागात चढले आणि त्यांनी बोरॉनचे द्रावण सोडणाऱ्या झडपा हातांनी उघडल्या. दुसऱ्यांनी डिझेल इंजिनावर चालणारे अग्निशमनाचे पंप सुरू करून त्यांचे पाणी बाष्पजनित्रांत सोडले. तापलेले पाणी वर चढते, निवलेले खाली येते, या निसर्गनियमाने भट्टीतील जड पाणी पंपांवाचून फिरत राहिले आणि आतली उष्णता बाहेर येत राहिली. मुख्य आग सुमारे दीड तासात आटोक्यात आली. किरणोत्सार बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेची नोंद तिसऱ्या पातळीवर झाली.

ब्राउन्स फेरी आणि नरोरा, दोन्हीकडे वेळ निभावली ती मूळ आपत्कालीन योजनेतील मुख्य साधनांनी नव्हे. निभावली ती जळालेल्या तारांवर अवलंबून नसलेल्या साध्या पंपांनी आणि डोके शांत ठेवणाऱ्या माणसांनी. नरोराच्या त्या कर्मचाऱ्यांना वंदन केलेच पाहिजे. पण ज्या व्यवस्थेला दर वेळी वीर पुरुषांची गरज लागते, तिच्यात काहीतरी उणे आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

ठाऊक होते, तरी...

कारण नरोरा अनपेक्षित नव्हते. ब्राउन्स फेरीला अठरा वर्षे होऊन गेली होती. १९८५ साली राजस्थानातील आपल्याच अणुवीज केंद्रात तारांचा एक सांधा तापून आग लागली, ती ट्रेंमधून पसरली आणि चार पंप बंद पडले. ऑक्टोबर १९८९ मध्ये स्पेनमधील वांदेयोस येथे टर्बाइन बिघडून नरोरासारखीच आग लागली. ते केंद्र पुढे कायमचे बंद झाले. अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी जाहीरपणे लिहिले आहे की, या प्रकारच्या टर्बाइनच्या पात्यांतील दोषाची सूचना मूळ ब्रिटिश कंपनीने १९८९ मध्येच आपल्याकडील उत्पादकाला दिली होती. सुधारणा झाली ती आग लागल्यानंतर.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण पूर्व जर्मनीचे. डिसेंबर १९७५ मध्ये, म्हणजे ब्राउन्स फेरीच्याच वर्षी, ग्राइफ्सवाल्ड येथील अणुवीज केंद्रात एका विद्युत कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे तारांना आग लागली आणि सहांपैकी पाच मुख्य पंपांचा पुरवठा तुटला. तेथील कम्युनिस्ट राजवटीने ही घटना जगापासून लपवली. ती उघड झाली १९८९ मध्ये, बर्लिनची भिंत पडली त्या वर्षी. अमेरिकेने आपली चूक चव्हाट्यावर मांडली, त्यातून जगाला नियम मिळाले. पूर्व जर्मनीने ती झाकली, त्यातून कोणालाच काही मिळाले नाही. लोकशाही राष्ट्राने या दोहोंतील कोणता मार्ग धरावा, हे सांगायला नको.

नरोरानंतर आपल्याकडे बरेच काही झाले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पात्यांची रचना बदलली. तारांच्या विलगतेची पाहणी झाली, अग्निरोधक अडसर घातले गेले. नियामक मंडळाने १९९६ मध्ये अणुकेंद्रांच्या अग्निसुरक्षेचे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. पण नियम केला म्हणजे काम झाले, असे होत नाही. अमेरिकेतही तारांभोवती बसवलेले थर्मो-लॅग नावाचे अग्निरोधक आवरण ठरलेला वेळ टिकत नाही, असे १९९२ च्या सुमारास चाचण्यांतून उघड झाले. तोवर ते अनेक केंद्रांत बसवून झाले होते! कागदावर तीन तास असलेला अडसर खरोखर तीन तास टिकतो का, हे जाळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि हे तत्त्व केवळ आगीपुरते नाही. २०११ मध्ये फुकुशिमा येथे त्सुनामीचे पाणी तळघरात शिरले. बहुतेक आपत्कालीन जनित्रे आणि त्यांची वीज वाटणारे फलक तेथेच, खालच्या पातळीवर होते. आगीऐवजी पाणी आले, एवढाच फरक. पर्याय होते; पण ते एकाच संकटाच्या तोंडी ठेवलेले होते.

आपले कर्तव्य

२०४७ पर्यंत शंभर गिगावॅट अणुवीज निर्माण करण्याचे लक्ष्य केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. देशाला वीज हवी, स्वच्छ वीज हवी आणि ती स्वावलंबनाने हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तारापूर तर आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. तेथील पहिल्या दोन भट्ट्या ब्राउन्स फेरीप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत आणि अमेरिकेतूनच आल्या. म्हणून हा विषय आपल्यासाठी परका नाही.

या कामाला विरोध करणे हे एक टोक. त्याबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला देशविरोधी ठरवणे हे दुसरे टोक. नियामक संस्थेने कोणती त्रुटी दाखवली, ती किती दिवसांत दूर झाली आणि अग्निरोधक अडसरांची शेवटची प्रत्यक्ष तपासणी केव्हा झाली, हे विचारणारा नागरिक अणुकार्यक्रमाचा शत्रू नसतो. तो त्याचा सर्वांत विश्वासू मित्र असतो. नरोरा थोडक्यात निभावले नसते, तर आपला अणुकार्यक्रम किती दशके मागे गेला असता याची कल्पना करा.

आणि शेवटी आपल्या उंबरठ्यापाशी. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा नवजात बालके गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण दगावले. अणुभट्टी दूरची वाटते. रुग्णालय आणि राहती इमारत दूरची नाही. आपल्या इमारतीत विजेच्या तारा ज्या उभ्या मार्गाने वर जातात, तो मार्ग प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक पदार्थाने बंद केलेला आहे का? की तेथे जुनी वर्तमानपत्रे, रंगाचे डबे आणि झाडू ठेवलेले आहेत? महाराष्ट्रात २००६ सालचा आग प्रतिबंधक कायदा आहे. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये देण्याची तरतूद त्यात आहे. आपल्या सोसायटीचे शेवटचे प्रमाणपत्र केव्हाचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आणि ते देणाऱ्याने जिना चढून, दार उघडून, आत डोकावून पाहिले होते का?

माझी विनंती एवढीच. येत्या रविवारी दोघा-तिघांनी मिळून आपल्या इमारतीतील ते दार उघडावे. शाखेत, मंडळात, महिलांच्या भिशीत हा विषय काढावा. गावातल्या रुग्णालयाच्या आणि शाळेच्या व्यवस्थापनाला तोच प्रश्न नम्रपणे, पण लेखी विचारावा. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारावा. ब्राउन्स फेरीची पहिली लहान आग विझवल्यावर दोन दिवसांत कोणी एकाने जरी आग्रहाने विचारले असते की, फट शोधायला आपण मेणबत्ती का वापरतो, तर पुढचा सगळा इतिहास घडलाच नसता.